ऑर्डरची वही

गेल्या श्रावणात आमच्या दुकानाचा माळा रिकामा केला. दुकान त्याआधीच बंद झालं होतं. जागा भाड्याची, मालकांना ती परत हवी होती. माळ्यावर असून असून काय असणार, उंदरांनी कुरतडलेले पुठ्ठे आणि रद्दी, अशा समजुतीनं मी आणि भाऊ दोन पोती घेऊन गेलो होतो. भाऊ शिडीनं वर चढला आणि थोड्या वेळानं वरूनच म्हणाला, "अगं, आजोबांपासूनच्या वह्या आहेत सगळ्या."

लाल मांजरपाटात बांधलेल्या, सुतळीनं दहा-दहाचे गठ्ठे केलेल्या बावन्न वह्या.

आमचं दुकान व्यापाऱ्यांच्या वह्या बांधण्याचं. रोजकीर्द, खतावणी, उधारीची वही, आवक-जावक. कोल्हापुरात महाद्वार रोडवरून पापाच्या तिकटीकडे जाताना आत एक बोळ लागतो, त्या बोळातलं तिसरं दार. माळ्यावर सापडलेल्या वह्या मात्र गिऱ्हाइकांच्या नव्हत्या, आमच्याच ऑर्डरच्या होत्या. कुठल्या पेढीला किती वह्या, किती पानी, कोणत्या मापाच्या, कधी न्यायला येणार. सुरुवातीच्या वह्यांत आजोबांचं मोडी वळणाचं बाळबोध अक्षर, शेवटच्या वह्यांत आमच्या वडिलांचं, आप्पांचं, थरथरतं. रद्दीवाला खाली हातगाडी घेऊन थांबला होता. त्याला तसंच परत पाठवलं.

तेव्हापासून बँकेतून आले की जेवण आटोपून रोज एक वही काढते. नुसत्या नावांच्या आणि आकड्यांच्या याद्या आहेत, पण त्या वाचताना गाव डोळ्यासमोरून सरकत जातं. माझ्या गावाबद्दल मला जे काही समजलं असं वाटत होतं, त्यातलं बरंचसं या बावन्न वह्यांनी दुरुस्त केलं.

वही बांधताना आता फारसं कुणी बघितलेलं नसेल, म्हणून ते आधी सांगते. सकाळी आई घरून खळ शिजवून द्यायची. मैदा, पाणी आणि कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. खळीत गाठ राहिली तर पुठ्ठ्यावर फोड येतो, म्हणून आप्पा डबा उघडला की आधी बोटानं ती चाळून बघत. मग कागदाचे लांबट ताव कापून त्यांना सळ पाडायचे. जुन्या पद्धतीच्या वहीला छापील रेघा नसतात. तावाला उभ्या घड्या घालायच्या आणि त्या घड्यांच्या खुणा हेच रकाने. आठ रकाने, डावीकडचे चार जमेचे, उजवीकडचे चार नावेचे. घडीवरून आप्पा शिंगाची एक पट्टी ओढत, ती एकदाच. दुसऱ्यांदा ओढली की कागद चमकतो आणि चमकलेल्या कागदावर शाई धरत नाही, असं ते म्हणत. पुढे ताव एकात एक घालून जुडी करायची, दाभणानं भोकं पाडायची, मेण ओढलेल्या दोऱ्यानं शिवायचं, वर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर लाल कापड आणि कापडावर पांढऱ्या दोऱ्याची टीप. रात्रभर वही दाबाखाली. शटर ओढण्याआधी आप्पा दाबाच्या चाकाला आणखी अर्धा फेरा देत. सकाळी वही उघडली की ती करकरीत कागदाचा, ओल्या कापडाचा आणि मोरचुदाचा असा एक वास सोडायची. तो वास मला अजून ओळखता येतो.

दसऱ्यापासून लक्ष्मीपूजनापर्यंत घरात कुणाला उसंत नसे. शाळेतून आले की मी पहिल्या पानावर श्री काढायला बसायची. वर एक श्री, खाली दोन, त्याखाली तीन, असा उतरता डोंगर. व्यापारी वही न्यायला येताना ताटात हळदकुंकू आणि सुपारी घेऊन येत. नवी वही काखेत मारून कुणी नेत नसे. दोन्ही हातांवर, कापडात झाकून.

मग १९८९ साल आलं. तोपर्यंत ज्याचं त्याचं हिशेबाचं वर्ष ज्याच्या त्याच्या रिवाजाप्रमाणे असे आणि आमच्या बाजारात ते बहुतेकांचं दिवाळीला सुरू होई. आयकरासाठी एप्रिल ते मार्च हेच वर्ष सगळ्यांना सक्तीचं झालं. ऑर्डरच्या वहीत ते लगेच दिसतं. आश्विनाची पानं रोडावली आणि फेब्रुवारीची भरली. तरी कित्येकांनी दिवाळीला एक वही नेणं सोडलं नाही. ती पूजेपुरती. पहिल्या पानावर कुंकवाचं बोट लावून कपाटात ठेवायची, आकडे मात्र मार्चच्या वहीत लिहायचे. आजोबांच्या काळातला बदल त्याहून मोठा होता. १९५७ साली नवे पैसे आले, त्यामागोमाग शेर-मणाचे किलो झाले. सुरुवातीच्या वह्यांत समासात आजोबांनी आण्यांचे पैसे करून ठेवलेत, खोडून पुन्हा लिहिलेत.

सगळ्यात जाड वह्या शाहूपुरीतल्या गुळाच्या पेढ्यांना लागत. आडत्याकडे प्रत्येक शेतकऱ्याचं वेगळं खातं, त्यामुळे पाचशे पानी खतावणीच हवी. मिरजेहून कोल्हापुरात रेल्वे आली १८९१ ला. शाहू महाराजांनी १८९४ ला कारभार हाती घेतला आणि पुढच्याच वर्षी शाहूपुरीची पेठ वसवली, ती गुळासाठी. रेल्वे दाराशी आली असताना आपला गूळ बाहेरच्यांच्या हातात का जावा, इथेच त्याची बाजारपेठ का उभी राहू नये, असा तो विचार. त्याचं फळ गावानं शंभर वर्षं खाल्लं. आजही गुळाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक गुजरात आहे आणि दिवाळीच्या पाडव्याला मार्केट यार्डात सौद्याचा मुहूर्त होतो. २०१४ साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही मिळालं.

एका आडत्यांनी आप्पांना त्यांच्या ओळखीच्या गुऱ्हाळावर बोलावलं होतं, तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची असेन. भोगावतीकाठचं गाव, थंडीचे दिवस. चुलवाणात एक जण वाळलेली चिपाडं कोंबत होता. कायलीत रस खदखदत होता आणि भेंडीच्या चिकाबरोबर काळपट मळी वर येत होती, ती दुसरा एक जण काढून टाकत होता. गुळव्या म्हणजे गुऱ्हाळाचा राजा. उंच, हाडकुळा, डोक्याला मफलर गुंडाळलेला माणूस. तो बोलत नव्हता. फेसाकडे बघत होता. एकदा त्यानं चमचाभर पाक गार पाण्यात सोडला, बोटांत धरून त्याची गोळी केली, भांड्याच्या कडेवर वाजवून बघितली आणि नुसती मान हलवली. त्या मानेसरशी चार-पाच माणसं धावली, कायल उचलली गेली आणि सोनेरी रस वाफ्यात सांडला. मला हातावर गरम गूळ मिळाला. आप्पा परतताना एसटीत म्हणाले, "त्या माणसाची मान चुकली तर पेढीतली पाचशे पानं चुकतात."

आजोबांच्या वह्यांत गुळाच्या पेढ्यांची नावं एकाखाली एक दोन-दोन पानं चालतात. आप्पांच्या मधल्या वह्यांत ती एका पानावर येतात, शेवटच्या दहांत चार ओळी. ऊस तर जिल्ह्यात तेव्हापेक्षा कितीतरी जास्त आहे. तो कारखान्याला जातो. तोडणीची चिंता कारखान्याची, बिल खात्यावर जमा. गुऱ्हाळाला गुळव्या मिळत नाही, चुलवाणात जाळ घालणारा जळव्या मिळत नाही, आणि साखर मिसळलेल्या गुळाशी दरात टिकायचं कसं, हा प्रश्न वेगळाच. गुऱ्हाळ बंद करणाऱ्या शेतकऱ्याला नावं ठेवणारे लोक मी लग्नाकार्यांत ऐकते. मला ते पटत नाही. रात्रभर चुलवाणापुढे बसायला त्यांच्यातलं कुणी तयार आहे का?

शाहू मिलचं नाव आमच्या वह्यांत कुठेच नाही. शाहू महाराजांनी १९०६ साली पायाभरणी केलेली एवढी मोठी गिरणी, तिला आमच्या हातशिवणीच्या वह्या कशाला लागतील. तिची छापील रजिस्टरं. पण कोटीतीर्थाच्या बाजूची तीन किराणा दुकानं आणि एक खानावळ दर वर्षी उधारीच्या वह्या न्यायची, प्रत्येकी दोन-दोन, दोनशे पानी. गिरणीचा भोंगा झाला की कामगार सुटायचे, पगार झाला की उधारी भागायची, मग नवं पान. या शतकाच्या सुरुवातीला गिरणी बंद पडली. त्याच्या पुढच्या दोन-तीन वर्षांत ही चारही नावं एकेक करून गळलेली आहेत. एका नावापुढे आप्पांनी पेन्सिलीनं लिहिलंय, 'येतो म्हणाले'. त्यानंतर ते नाव नाही.

उद्यमनगरची गोष्ट निराळी. तिथल्या फाउंड्र्यांची आणि वर्कशॉपची नावं साठ-सत्तरच्या दशकांत भराभर वाढताना दिसतात. राधानगरीच्या धरणानं नदीला बारमाही पाणी आलं. काठावरच्या उसाला ते उचलून द्यायला ऑइल इंजिन हवं आणि ते इंजिन आमच्या गावातल्या मिस्त्री लोकांनी परदेशी इंजिनं उघडून, बघून, ओतून तयार केलं. यातले कितीतरी जण शाळेत फार शिकलेले नव्हते. भट्टीतल्या धगीचा अंदाज त्यांना त्या गुळव्यासारखाच डोळ्यानं येई, असं मला आता वाटतं. शेतावर वीज पोचली तशी इंजिनं मागे पडली, पण ओतकाम टिकलं. ते मोटारगाड्यांच्या सुट्या भागांकडे वळलं आणि शिरोली, गोकुळ शिरगावला पसरलं. हा धंदा मेला नाही. आमच्या वहीतून मात्र तो सगळ्यांत आधी गेला, कारण काँप्युटर पहिला त्यांच्याकडे आला.

टॉकीजवाले रोजची तिकीटविक्री लिहायला अरुंद वह्या नेत. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली, जिथे १९२९ साली प्रभात जन्मली आणि १९३३ साली पुण्याला निघून गेली, त्या गावात सिनेमा म्हणजे घरचं कार्य. आता पत्ता सांगताना तेवढी नावं उरलीत. व्हीनस कॉर्नर, उमा टॉकीज, पद्मा टॉकीज. लुगडी ओळ, धोत्री गल्ली, बुरूड गल्ली ही नावंही तशीच. नवीन पिढीतली मुलं रिक्षावाल्याला ही नावं सांगतात आणि बरोबर पोचतात.

गुजरीतल्या सराफांबद्दल फार लिहीत नाही. त्यांच्या वह्या आप्पा सोडून कुणी हाताळत नसे आणि ते सगळं आप्पा पोटात घेऊन गेले. साजाच्या एकवीस पानांची नावं मात्र त्यांनी मला पाठ करून घेतली होती.

पंधराएक वह्या वाचून झाल्यावर मला एक गोष्ट खटकायला लागली. चप्पल लाईनीतल्या दुकानांची नावं सुरुवातीपासून शेवटपर्यंत आहेत. रोजकीर्द दोन, खतावणी एक, उधारी एक. चप्पल करणाऱ्यांचं एकही नाव नाही. त्यांची वस्ती सुभाषनगरात, आणि सुभाषनगर हा शब्द बावन्न वह्यांत नाही. गुळाच्या पेढ्या आहेत, गुळव्या नाही. सराफ आहेत, साज घडवणारा कारागीर नाही. साहजिक आहे, वही ज्याला परवडते तोच ती बांधून घेणार. पण मी या वह्यांना गावाचा इतिहास समजून बसले होते आणि तो अर्ध्याच गावाचा निघाला. खरं तर अर्ध्याहून कमी.

लहानपणी मी पायातली चप्पल कशी होते हे कधी बघितलं नव्हतं, आमच्या बोळापासून चप्पल लाईन चालत पाच मिनिटांवर असूनही. पुढे बँकेच्या कर्जाच्या कामासाठी सुभाषनगरात जावं लागलं तेव्हा बघितलं. तळाला म्हशीचं जाड कातडं, बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं. पुरुष माणूस रापीनं तळ कापतो, थर जुळवतो, चामड्याच्याच वादीनं शिवतो. खिळा नाही. कान शिवून घ्यायचे, अंगठा बसवायचा. बायका घराच्या उंबऱ्यात बसून बकऱ्याच्या पातळ कातड्याच्या पट्ट्यांची वेणी घालतात. इतकी बारीक की बोट फिरवलं तर दोरा वाटावा. कापशी, कुरुंदवाडी, पुकारी, कचकडी, बक्कलनाली, एकेका घाटाचं नाव त्यांच्या तोंडून ऐकताना मला आमच्या वह्यांची मापं आठवत होती. एका जोडाला किती दिवस लागतात असं विचारलं तर ती बाई म्हणाली, "पाऊस किती हाय त्यावर." कातडं वाळत नाही ना.

२०१५ साली गोवंश हत्याबंदीचा कायदा कडक झाला, तेव्हा कातडं मिळणं आणि आणणं दोन्ही अवघड झालं असं तिथे प्रत्येक घरात सांगतात. २०१९ साली महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांना मिळून कोल्हापुरी चपलेचं भौगोलिक मानांकन मिळालं. जून २०२५ मध्ये मिलानच्या एका फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीनं हुबेहूब तशीच चप्पल कोल्हापूरचं नाव न घेता दाखवली, तेव्हा गावभर संताप उसळला आणि कंपनीला मूळ कारागिरी भारतातली आहे हे कबूल करावं लागलं. तो संताप मलाही आला होता. पण आता या वह्या वाचताना प्रश्न पडतो की आम्ही गावातल्या गावात तरी त्या माणसांचं नाव कुठे लिहून ठेवलं होतं.

शाहू महाराजांना हे कळलं होतं. राजवाड्याच्या पागेत कामाला असलेल्या गंगाराम कांबळ्यांनी सवर्णांच्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना बेदम मारलं गेलं. महाराजांनी त्यांना स्वतःच्या पायावर उभं केलं आणि भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढायला मदत केली. सत्यसुधारक हे त्याचं नाव. महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा मागवत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजत. कोल्हापुरातल्या जुन्या धंद्यांची आठवण काढताना लोक मिसळीची, भेळीची, कोल्ड्रिंकची, गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर समोर धार काढून मिळणाऱ्या दुधाची काढतात, आणि काढावीच. माझ्या मनात या यादीत सगळ्यात वरचं दुकान ते चहाचं आहे. मी ते बघितलेलं नाही. माझ्या आजोबांनीही नसेल. तिथे गल्ल्यावर कोण बसलंय, याच्यासाठी एका राजानं रस्त्यावर थांबून चहा प्यायला होता.

आमचं दुकान कसं बंद झालं तेही लिहिते. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला आणि उरलेसुरले व्यापारी काँप्युटरकडे गेले. त्या वर्षी दिवाळीला एकोणीस वह्या गेल्या, सगळ्या पूजेच्या. आप्पा कटकट करणाऱ्यांतले नव्हते. रिकाम्या वेळात ते जुनी पुस्तकं बांधून देत, शाळेच्या वाचनालयाची, कुणाच्या आजीच्या पोथ्यांची.

त्यांचं शेवटचं मोठं काम २०१९ च्या ऑगस्टमधलं. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वर्षी राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शाहूपुरी, लक्ष्मीपुरीच्या सखल भागात दुकानांच्या शटरवर पाणी चढलं. पाणी उतरल्यावर लक्ष्मीपुरीतले एक धान्याचे व्यापारी रिक्षातून तीन वह्या घेऊन आले. फुगून उशीएवढ्या झालेल्या, चिखलानं काळ्या. त्यांचा काँप्युटर पाण्यातच होता. गावोगावच्या जुन्या उधारीचा हिशेब या तीन वह्यांत होता आणि त्या आप्पांनीच बांधलेल्या होत्या. मी रजा टाकली. ओली वही उन्हात ठेवायची नसते, पानं आकसून एकमेकांना चिकटतात. पंख्याखाली, सावलीत. आप्पा बांबूच्या पातळ कामटीनं एकेक पान सोडवत होते, मी मध्ये वर्तमानपत्राचे तुकडे घालत होते, दर दोन तासांनी ते बदलत होते. व्यापारी पायरीवर बसून होते. त्यांना घरी जा म्हटलं तरी जाईनात. पान सुटलं की वाकून बघायचे आणि नाव पुटपुटायचे, "कळे... हा वारला... ही बीडशेडची..."

पाच दिवस लागले. दोन वह्या वाचता आल्या, कारण त्या बॉलपेननं लिहिलेल्या होत्या. तिसरीत शाई होती. तिची पानं अखंड सुटली, एकही फाटलं नाही, पण प्रत्येक पान फिकट निळं, आभाळासारखं, आणि त्यावर काही नाही. आप्पांनी तीही नीट बांधून दिली. व्यापाऱ्यांनी ती घेतली. मजुरी विचारली तेव्हा आप्पांनी हात जोडले.

त्यानंतर दोन वर्षांनी आप्पा गेले.

माळा रिकामा करताना ऑर्डरच्या वह्यांखेरीज एक लहान गाठोडंही मिळालं होतं. दुरुस्तीला येऊन कुणी न नेलेलं काम. पोथ्या, एक शाळेचं प्रगतिपुस्तक, आणि एक चाळीस पानी वही, साध्या दुकानातली. तिला आप्पांनी नवा पुठ्ठा आणि पाठीला लाल कापडाची पट्टी लावली होती. आत चिठ्ठी होती, आप्पांच्या हातची. एक नाव, मग 'सुभाषनगर', 'पाठ उसवली', 'सात रु.' वहीत तारखा, जोडांचे आकडे, घाटांची नावं, उचल, बाकी. 'कापशी ६ जोड.' 'पुकारी ४.' 'उचल १५०, पोरीचं औषध.' अक्षर मोठं, एकेक अक्षर कोरल्यासारखं. शेवटची नोंद १९९३ ची.

ऑर्डरच्या वहीत सुभाषनगर नाही असं मी वर लिहिलं. काम आलं होतं. सात रुपयांचं काम आप्पांनी वहीत चढवलं नव्हतं, नुसती चिठ्ठी लावली होती.

चप्पल लाईनीत एका जुन्या दुकानदारांना नाव दाखवलं. त्यांनी गल्ली सांगितली. घर सापडायला वेळ लागला नाही. उंबऱ्यात सत्तरीच्या एक आजी वेणी घालत बसल्या होत्या. पट्टीचं एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलेलं, चष्म्याला दोरी.

मी वही पुढे केली. त्यांनी वेणी सोडली नाही. डाव्या हातानं वही मांडीवर घेतली, एक पान उलटलं.

"आमच्या ह्यांची हाय व्हय ही!" मग आत वळून, "अरं, बग की, तुझ्या बाचं अक्षर!" मुलगा शिरोलीला फाउंड्रीत होता, पाळीवर गेलेला. आतून नातू आला, मोबाइल हातात. त्यानं वही घेतली, मोठ्यानं वाचायला लागला. उचल, उचल, बाकी. शेवटच्या पानावर बाकी तीनशे चाळीस.

"ते फिटलं," आजी म्हणाल्या. "हे गेल्यावर मी फेडलं. वेण्या घालून. दीड वरीस लागलं."

चहा आला. बशीतून प्यायलो. वहीला नवा पुठ्ठा कुणी घातला असं त्यांनी विचारलं, मी सांगितलं. त्यांनी पाठीवरची लाल पट्टी अंगठ्यानं दाबून बघितली, शिवण कुठे आहे ती शोधली, टाके मोजल्यासारखं केलं. कारागीर बाई होत्या त्या.

"किती झालं बांधणीचं?"

"आजी, राहू दे. तीस वर्षं झाली."

"राहू दे म्हणू नका. आमच्यात कुणाचं ठेवत न्हाईत. चिठ्ठीत किती लिवलंय?"

नातवानं चिठ्ठी वाचली. सात. आजींनी कनवटीची पिशवी सोडली, दहाची नोट काढली, घडी उलगडून माझ्या हातावर ठेवली. मी पर्स शोधून दोनचं एक आणि एकाचं एक नाणं परत दिलं. त्यांनी ते मोजून घेतलं, पिशवी कनवटीला लावली आणि पायाच्या अंगठ्यातली पट्टी पुन्हा ताणली.

"येतो मी," मी म्हटलं. आमच्या गावात बायकाही असंच म्हणतात.

"या की पुन्यांदा."

घरी येऊन शेवटची ऑर्डरची वही काढली. आप्पांनी अर्ध्यावर सोडलेलं पान होतं. त्यांच्या अक्षराखाली तारीख घातली, चिठ्ठीवरचं नाव पूर्ण लिहिलं, पुढे सुभाषनगर, आणि जमेच्या बाजूला सात रुपये.